सिंगापूरच्या तोफा: किनाऱ्यावरची बॅटरी बंदर कसं राखते

सिंगापूरला सहलीला गेलेला मराठी माणूस सेंटोसाला जातोच. केबल कार, मत्स्यालय, युनिव्हर्सल स्टुडिओ यांत दिवस संपतो. बेटाच्या पश्चिम टोकाला फोर्ट सिलोसो आहे. तिथे झाडीत रंगवून ठेवलेल्या तोफा आहेत, दारूकोठारं आहेत, भुयारं आहेत. तिथवर पाय वळले तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'इंग्रजांनी सगळ्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसवल्या आणि जपानी मागून, जमिनीवरून आले. तोफा उलट्या दिशेला होत्या म्हणून सिंगापूर पडलं.'

हे वाक्य इतकं सुटसुटीत आहे की ते ऐंशी वर्षं टिकलंय. पण ते खरं नाही. सिंगापूरच्या मोठ्या तोफांपैकी अनेक तोफा फेब्रुवारी 1942 मध्ये जमिनीकडे वळल्या आणि त्यांनी जपान्यांवर गोळे टाकले. तरीही शहर वाचलं नाही. असं का झालं हे कळायचं असेल तर किनाऱ्यावरची तोफ नेमकं काय काम करते, तिच्यामागे किती माणसं आणि यंत्रं राबतात, हे आधी बघावं लागतं.

एवढा खर्च कशासाठी झाला, ते आधी. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनसमोर एक पेच होता. पूर्वेकडे जपानचं आरमार वाढत होतं आणि ब्रिटनचं मुख्य आरमार युरोपच्या पाण्यात होतं. दोन्हीकडे पुरेल एवढं आरमार बांधायला पैसा नव्हता. म्हणून 1921 मध्ये ठरलं की सिंगापूरला एक मोठा नाविक तळ उभारायचा. युद्ध पेटलं की आरमार युरोपातून निघेल, सिंगापूरला येईल, तिथे इंधन भरेल, दुरुस्ती करेल आणि लढेल. आरमार पोचेपर्यंत तळ टिकवायचा, हे काम तोफांचं. सुरुवातीला धरलं होतं की आरमार 42 दिवसांत येईल. पुढे हा आकडा वाढत वाढत गेला आणि युद्ध सुरू झाल्यावर 180 दिवसांवर पोचला. तोफांची संख्या आणि दारूगोळा ठरवताना डोळ्यांसमोर होतं ते जपानी युद्धनौकांचं समुद्रावरून येणारं संकट.

नाविक तळ बेटाच्या उत्तरेला, सिंगापूर आणि पलीकडचं मलायातलं जोहोर संस्थान यांच्यामधल्या जोहोरच्या खाडीत, सेंबावांगला बांधला. व्यापारी बंदर दक्षिणेला, केपेल हार्बरमध्ये. म्हणजे दोन ठिकाणं राखायची होती. पूर्वेकडे खाडीच्या तोंडाशी चांगी आणि समोरची बेटं, दक्षिणेकडे केपेलच्या आसपासचा डोंगराळ किनारा आणि आज ज्याला सेंटोसा म्हणतात ते ब्लाकांग माती बेट. या दोन भागांसाठी तोफांचे दोन हुकूमविभाग होते, चांगी आणि फेबर.

1942 पर्यंत इथे 15 इंची तोफा पाच, 9.2 इंची सहा आणि 6 इंची अठरा होत्या. ही इंचांची मापं नळीच्या तोंडाच्या व्यासाची. पाच सर्वांत मोठ्या तोफांपैकी तीन चांगीजवळ होत्या, त्यांना जोहोर बॅटरी म्हणत; बॅटरी म्हणजे एका ठिकाणी बसवलेल्या, एकत्र चालणाऱ्या तोफांचा संच. जोहोरचे सुलतान इब्राहिम यांनी 1935 मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाला पाच लाख पौंडांची देणगी दिली होती, त्यातला मोठा भाग या तोफांवर खर्च झाला, म्हणून ते नाव. उरलेल्या दोन पश्चिमेकडच्या बुओना व्हिस्टा बॅटरीत होत्या.

एवढ्या वेगवेगळ्या मापांच्या तोफा कशाला, असं वाटेल. त्यांची कामं वेगळी असतात. शत्रूची मोठी युद्धनौका पंचवीस-तीस किलोमीटर दूर उभी राहून गोदीवर गोळे टाकू शकते. तिला तेवढ्या अंतरावरच अडवायला 15 इंची आणि 9.2 इंची तोफा. क्रूझर किंवा विनाशिका जवळ घुसायला लागली तर 6 इंची. रात्रीच्या अंधारात टॉर्पेडो घेऊन सुसाट येणाऱ्या छोट्या बोटींसाठी बंदराच्या तोंडाशी सहा पौंडी जोडतोफा. त्यांचा गोळा लहान, पण मिनिटाला अनेक सुटतात, कारण अशा बोटीवर नेम धरायला काही सेकंदच मिळतात.

तोफांच्या जोडीला बाकीचा बंदोबस्तही असतो. पाण्याखाली सुरुंग पेरलेले असतात, तोंडावर तरंगत्या लाकडांचा आणि जाळ्यांचा अडसर असतो, किनाऱ्यावर प्रखर सर्चलाइट असतात. आणखी एक व्यवस्था असते, जिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. युद्धकाळातही बंदरात रोज व्यापारी जहाजं येतच असतात. त्यांतलं कुठलं आपलं आणि कुठलं वेष पालटून आलेलं, हे कोण सांगणार? म्हणून बंदराबाहेर एक ठरावीक जागा नेमलेली असते. प्रत्येक जहाजानं तिथे थांबायचं, तपासणी बोटीवरचे लोक चढून कागदपत्रं बघणार, मग आत सोडणार. त्या जागेवर एका बॅटरीचा नेम चोवीस तास धरलेला असतो. जहाज न थांबता पुढे सरकलं तर आधी त्याच्या नाळेपुढे इशाऱ्याचा एक गोळा, आणि तरीही नाही थांबलं तर पुढचा त्याच्यावर. शांतपणे चाललेल्या बंदराच्या मागे हा पहारा रात्रंदिवस असतो. मुंबई बंदरही याच ब्रिटिश पद्धतीनं राखलं जात होतं. मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक या बंदरातल्या चिमुकल्या बेटांवर तोफा होत्या, आणि घारापुरीला लेणी बघून जे वरच्या टेकडीपर्यंत चढतात त्यांनी तिथल्या दोन प्रचंड तोफा पाहिलेल्याच असतात.

आता खरा अवघड भाग. गोळा जहाजाला लागतो कसा?

15 इंची तोफेची नळी साडेसोळा मीटर लांब, वजन 100 टन. एक गोळा पावणेनऊशे किलोच्या आसपास. त्याला ढकलायला रेशमी पिशव्यांत भरलेली दोनशे किलोच्या आसपास कॉर्डाइट दारू. हे माणसाच्या हातानं उचलण्यासारखं नाही, म्हणून गोळे जमिनीखालच्या कोठारातून पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यांनी वर येत आणि तशाच दाबावर चालणारा दट्ट्या ते नळीत सारी. सगळं जुळून आलं तर मिनिटाला दोन गोळे सुटत. पल्ला तेहतीस-चौतीस किलोमीटर.

पण पल्ला असून भागत नाही. पंचवीस किलोमीटरवरच्या जहाजापर्यंत पोचायला गोळ्याला मिनिटभराच्या आसपास वेळ लागतो. जहाज ताशी 25 सागरी मैलांनी, म्हणजे सुमारे 46 किलोमीटर वेगानं जात असेल तर त्या एका मिनिटात ते साडेसातशे मीटर पुढे जातं. जहाजाची स्वतःची लांबी दोनशे मीटर. म्हणजे जहाज आत्ता दिसतंय तिथे अगदी अचूक गोळा टाकला तरी तो त्याच्या मागे, मोकळ्या पाण्यात पडणार. सुटलेल्या लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे फलाटावरून डबा फेकायचा असेल तर तो आहे तिथे फेकून चालत नाही, तो पोचेल तिथे फेकावा लागतो. इथे तोच प्रकार, फक्त फलाट पंचवीस किलोमीटर दूर आहे आणि दारातला माणूस डबा चुकवायचा प्रयत्न करतोय.

म्हणून बॅटरीची सगळी मेहनत एकाच प्रश्नाभोवती असते: मिनिटभरानंतर ते जहाज कुठे असेल?

उत्तराची सुरुवात होते टेकडीवरच्या निरीक्षण चौकीत. उंची का लागते ते बघा. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्याच्या पातळीवर उभ्या माणसाला क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत दिसतं. शंभर मीटर उंचीवरून ते जवळजवळ छत्तीस किलोमीटरवर जातं. केपेल हार्बरच्या माथ्यावरचा माउंट फेबर साधारण तेवढाच उंच आहे. आज तिथून केबल कार सुटते, तेव्हा त्या उंचीचा उपयोग वेगळा होता.

उंचीचा दुसरा फायदा अंतर मोजायला होतो. निरीक्षक खास दुर्बिणीतून जहाज जिथे पाण्याला टेकतं ती रेघ पकडतो. दुर्बीण किती अंशांनी खाली झुकली ते मोजलं जातं. आपली उंची ठाऊक, कोन ठाऊक, मग अंतर काढणं हे दहावीच्या त्रिकोणमितीतलं गणित आहे, तीच ती मनोरा आणि अवनत कोनाची उदाहरणं. दुर्बिणीलाच असं यंत्र जोडलेलं असे की कोन धरला की अंतर थेट वाचता येई. पण कोन किती बारीक ते बघा. शंभर मीटर उंचीवरून दहा किलोमीटरवरच्या जहाजाला दुर्बीण जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडी जास्त झुकते. अंतर अर्ध्या किलोमीटरनं बदललं तर कोनात फरक पडतो अंशाच्या जवळजवळ चाळिसाव्या भागाचा. आणि त्यात समुद्र स्वतः वरखाली होतो. सिंगापूरला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी अडीच-तीन मीटरनं बदलते. ओहोटीला पाणी तीन मीटर खाली गेलं आणि यंत्रात ती दुरुस्ती केली नाही, तर दहा किलोमीटरच्या मापात जवळजवळ तीनशे मीटरची चूक होते. म्हणजे भरतीची पट्टी वाचणाऱ्या माणसाचं दुर्लक्ष झालं तर पावणेनऊशे किलोचा गोळा जहाजाला चुकवून पाण्यात पडणार. तोफखान्याच्या इतिहासात या माणसाचं नाव कुठे येत नाही, पण सगळा नेम त्याच्या वाचनावर उभा असे.

लांबच्या अंतराला ही एकट्या दुर्बिणीची पद्धत अपुरी पडते. तिथे किनाऱ्यावर काही किलोमीटर अंतरानं असलेल्या दोन चौक्या एकाच क्षणी एकाच जहाजाची दिशा मोजतात. दोन चौक्यांमधलं अंतर आधीच अचूक मोजलेलं. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण पुरा होतो आणि जहाजाची जागा नकाशावर उमटते. यात 'एकाच जहाजाची' हे शब्द महत्त्वाचे. धुक्यात पाच-सहा जहाजांचा ताफा असेल तर दोन चौक्यांनी वेगवेगळी जहाजं पकडली की त्रिकोण बरोबर सुटूनही उत्तर भलतंच येणार. म्हणून चौक्यांमध्ये टेलिफोनवर सतत बोलणं चालू असे.

या मोजण्या जमिनीखालच्या काँक्रीटच्या खोलीत येतात. ठरावीक अंतरानं नकाशावर एकेक बिंदू पडत जातो, बिंदूंची रेघ होते, रेघेवरून जहाजाचा वेग आणि दिशा कळते. मग दुरुस्त्यांची रांग लागते. वारा कुठून आणि किती? हवा गरम आणि विरळ आहे की थंड आणि दाट? दारूचं तापमान किती, कारण गरम दारू गोळ्याला जास्त वेग देते. या नळीतून आजवर किती गोळे सुटले, कारण प्रत्येक गोळ्यागणिक नळी आतून झिजते आणि वेग थोडा उतरतो. गोळा स्वतःभोवती फिरत जातो म्हणून एका बाजूला किंचित सरकतो. इतक्या लांब पल्ल्याला पृथ्वीचं फिरणंही हिशेबात धरावं लागतं. हे सगळं त्या काळी दात्यांच्या चाकांनी चालणारी यांत्रिक गणकयंत्रं करत. उत्तर दोन आकड्यांत येई: नळी किती वर उचलायची आणि किती बाजूला वळवायची. ते आकडे तारेवरून तोफेजवळच्या तबकडीवर उमटत आणि गोलंदाज आपला काटा त्या काट्याशी जुळवत. बऱ्याचदा तोफेवरच्या माणसांना शत्रूचं जहाज दिसतच नसे.

पहिला गोळा लागेलच असं कोणी धरून चालत नाही. निरीक्षक पाण्याचा उडालेला खांब बघतो. जहाजाच्या अलीकडे उडाला की पलीकडे? एक अलीकडे आणि एक पलीकडे पडला की जहाज मधे सापडलं, मग अंतर कमी करत आणायचं. इथे किनाऱ्याची बाजू जहाजापेक्षा बळकट असते. जहाज लाटांवर डुलतं, तोफेचा पाया काँक्रीटचा असतो. जहाजाला कुठेही गोळा लागला तरी नुकसान होतं, पण जहाजाला मात्र झाडीतली एक तोफ नेमकी टिपावी लागते. म्हणून चांगल्या बॅटरीसमोर मोठ्या युद्धनौकाही सहसा येत नाहीत.

तोच नियम अरुंद खाडीत किती तीव्र होतो, हे नॉर्वेनं दाखवलं. 9 एप्रिल 1940 च्या पहाटे जर्मन क्रूझर ब्ल्यूखर ऑस्लोच्या फ्योर्डमधून वर निघाली होती. ड्रोबाकच्या चिंचोळ्या पाण्यात ऑस्कार्सबोर्गचा जुना किल्ला होता, त्यावर 1890 च्या दशकातल्या क्रुपच्या 28 सेंटिमीटरच्या तीन तोफा. माणसं इतकी कमी होती की त्यांतल्या दोनच चालवता आल्या आणि त्यांच्यावरही शिकाऊ हात होते. पण अंतर दोन किलोमीटरच्या आत होतं, गणकयंत्राची गरजच नव्हती. कर्नल बिर्गर एरिक्सन यांच्या हुकमावरून दोन्ही तोफांचा एकेक गोळा सुटला आणि दोन्ही लागले. मग किल्ल्यातल्या गुप्त टॉर्पेडो बॅटरीनं चाळीस वर्षांचे जुने टॉर्पेडो सोडले. ब्ल्यूखर शेकडो माणसांसह बुडाली, जर्मनांचं ऑस्लोवर येणं काही तास लांबलं, आणि तेवढ्यात राजा सातवा हाकोन, सरकार आणि देशाचं सोनं राजधानीतून निसटलं. देश पुढे पडला, पण त्या दिवशी सरकार जर्मनांच्या हाती सापडलं नाही. सैनिकी हिशेबानं बघायचं तर किनारी बॅटरीचं इतकं मोठं यश दुसऱ्या महायुद्धात क्वचितच सापडेल.

आता परत सिंगापूरला. तिथे जपानी जहाजं या तोफांच्या समोर आलीच नाहीत.

8 डिसेंबर 1941 ला जपानी फौज मलायाच्या, म्हणजे सिंगापूरच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाच्या, ईशान्य किनाऱ्यावर कोटा बारूला उतरली. तिथून सिंगापूर शेकडो किलोमीटर दूर. दोन दिवसांनी, 10 डिसेंबरला, प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन ब्रिटिश युद्धनौका क्वांतानजवळ जपानी विमानांनी दोन-अडीच तासांत बुडवल्या. रिपल्सवरच्या तोफा जोहोर बॅटरीतल्या तोफांच्याच जातीच्या, 15 इंची होत्या. जहाजावर असोत की किनाऱ्यावर, आकाशातून येणाऱ्या टॉर्पेडोपुढे त्यांचा काही उपयोग नव्हता. ज्या आरमाराची वाट बघत तळ टिकवायचा होता, ते आरमार येणार नाही हे त्या दुपारी नक्की झालं.

हा धोका कोणाला दिसलाच नव्हता असं नाही. 1920 च्या दशकातच ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड सांगत होते की एवढ्या मोठ्या तोफांऐवजी टॉर्पेडो टाकणारी विमानं ठेवा. वाद अनेक वर्षं चालला आणि शेवटी दोन्ही थोडं थोडं करायचं ठरलं. 1937 च्या सुमाराला मलायाचे सेनापती डॉबी यांनी बजावलं की शत्रू उत्तरेकडून, मलायाच्या भूमीवरून, पावसाळी वाऱ्याच्या दिवसांतही येऊ शकतो. त्यांच्या हाताखाली तो अभ्यास करणारा अधिकारी होता पर्सिव्हल, ज्याला 1942 मध्ये शरणागतीवर सही करावी लागली. माझ्या मते सिंगापूरचं अपयश इथे आहे. धोका कागदावर मांडून झाला होता आणि त्यासाठी लागणारी विमानं, रणगाडे आणि उत्तर किनाऱ्यावरची तटबंदी आली नाही. चर्चिल यांनी पुढे लिहिलं की सिंगापूरला जमिनीकडून तटबंदीच नाही हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

31 जानेवारी 1942 ला उरलेली फौज बेटावर परतली आणि जोहोरला जोडणारा पूल सुरुंगानं फोडला. आता मधे होतं फक्त किलोमीटरभर रुंदीचं पाणी. किनारी तोफांना जमिनीकडे वळायची पाळी आली.

वळल्या का? जोहोर बॅटरीच्या तोफा वळल्या आणि त्यांनी जोहोर बारू, तेंगाहचा विमानतळ आणि बुकित तिमाहच्या बाजूला मारा केला. 9.2 इंची आणि 6 इंची तोफांतल्या अनेकांनीही जमिनीवर गोळे टाकले. बुओना व्हिस्टाच्या दोन तोफांचं फिरणं मर्यादित होतं, त्यांचा जमिनीवरच्या लढाईत उपयोग झाला नाही. म्हणजे 'उलटी दिशा' ही अडचण काही तोफांपुरती खरी, सगळ्यांची नाही.

खरी अडचण गोळ्यात होती. जहाजासाठी बनवलेला चिलखतभेदी गोळा म्हणजे जाड पोलादाचा सुळका. त्याच्या वजनात स्फोटकाचा वाटा अगदी थोडा, शंभर किलोमागे दोन-तीन किलो. तो आधी पोलादी चिलखत फोडतो, मग क्षणभर थांबून जहाजाच्या पोटात फुटतो. हाच गोळा रबराच्या मळ्यातल्या भिजल्या मातीवर पडला की कित्येक फूट खोल घुसतो आणि तिथे फुटतो. चिखलाचा कारंजा उडतो, मोठा खड्डा पडतो, आणि वीस-तीस मीटरवर आडवा पडलेला सैनिक बहुधा वाचतो. पायदळाविरुद्ध हवा असतो पातळ कवचाचा, भरपूर स्फोटकाचा, टेकताच फुटून चहूकडे तुकडे फेकणारा गोळा. तसे गोळे सिंगापूरच्या किनारी तोफांजवळ फारच थोडे होते आणि सर्वांत मोठ्या तोफांची स्थिती सर्वांत वाईट होती. दारूगोळ्याची मागणी नोंदवताना समोर फक्त जहाज धरलं होतं, त्याचा हा परिणाम.

दुसरी अडचण डोळ्यांची. वर सांगितलेली सगळी व्यवस्था, उंच चौक्या, दुर्बिणी, त्रिकोण, खोलीतला नकाशा, समुद्राकडे बघणारी होती. समुद्रावर जहाज लपत नाही, गोळा कुठे पडला ते पाण्याचा खांब सांगतो. जमिनीवर झाडी, टेकड्या, घरं. जपानी कुठे आहेत, गोळा त्यांच्यापासून किती दूर पडला, हे सांगायला पुढे निरीक्षक हवेत आणि त्यांच्यापासून तोफेपर्यंत चालू टेलिफोन हवा. बाँबहल्ल्यात तारा तुटत होत्या. तिसरं म्हणजे गोळ्याची वाट. अशा तोफेचा गोळा जोरात आणि बऱ्यापैकी सपाट जातो, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर तो उतरवणं अवघड. ते काम उंच कमान करून टाकणाऱ्या आखूड नळीच्या हॉविट्झरचं.

8 फेब्रुवारीच्या रात्री जपानी वायव्य किनाऱ्यावर सारिंबुनला उतरले. त्याआधी त्यांनी पूर्वेकडे पुलाव उबिन बेटावर उतरून हल्ला तिकडून येणार असा आभास केला होता. आठवडाभरात लढाई बेटाच्या मध्यावर आली. चांगीचा भाग तुटायच्या बेतात आला तेव्हा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गोलंदाजांनी आपल्याच तोफा सुरुंग लावून फोडल्या, शत्रूच्या हाती धड लागू नयेत म्हणून. वर्षानुवर्षं सराव केलेलं यंत्र स्वतःच्या हातानं मोडताना त्या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार मनातून जात नाही. 15 फेब्रुवारीला बुकित तिमाह रस्त्यावरच्या फोर्डच्या कारखान्यात पर्सिव्हल यांनी जपानी सेनापती यामाशितांपुढे शरणागतीवर सही केली.

या तोफखान्यात भारतीयही होते. हाँगकाँग सिंगापूर रॉयल आर्टिलरी या दलात पंजाबी मुसलमान आणि शीख गोलंदाजांची भरती होत असे. सिंगापूर पडल्यावर 17 फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो भारतीय सैनिक जपान्यांच्या स्वाधीन केले गेले आणि तिथूनच कॅप्टन मोहनसिंगांच्या आझाद हिंद फौजेची सुरुवात झाली. नेताजींचं नाव घेताना आपण सिंगापूरचं नाव घेतो ते यामुळे.

मग तोफा वाया गेल्या का? मला तसं म्हणवत नाही. जपान्यांनी समुद्रावरून थेट सिंगापूरवर यायचं टाळलं, मलायाची लांब वाट पायी, सायकलींवर आणि रणगाड्यांनी तुडवली. ही वाट निवडण्यामागे त्या तोफांचा धाक हे एक मोठं कारण होतं. बॅटरीचं काम जहाजांना दूर ठेवणं, आणि जहाजं दूर राहिली. बाकीचं काम पायदळाचं, विमानांचं आणि आरमाराचं होतं, ते झालं नाही. त्याचं खापर तोफांच्या तोंडाच्या दिशेवर फोडलं की ज्यांनी निर्णय घेतले ते मोकळे सुटतात.

विमानं आणि पुढे क्षेपणास्त्रं आल्यावर अशा तोफांचे दिवस संपले. ब्रिटननं आपला किनारी तोफखाना 1956 मध्ये मोडीत काढला. जोहोर बॅटरीची जागा झाडीत हरवली होती, ती 1991 मध्ये सिंगापूरच्या तुरुंग खात्याला सापडली. आता चांगीत तिथे 15 इंची तोफेची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. सेंटोसाला जाल तेव्हा फोर्ट सिलोसोसाठी अर्धा दिवस राखून ठेवा, आणि जमलं तर समोरच्या लॅब्राडोर पार्कलाही जा. या दोन जागांमधलं पाणी म्हणजेच केपेल हार्बरचं पश्चिमेकडचं तोंड. दोन्ही काठांवर बॅटऱ्या का बांधल्या, हे तिथे उभं राहून पाणी किती चिंचोळं आहे ते पाहिलं की लगेच कळतं.